उष्णतेला वाट

हे मनन हातांनी करायचं आहे. लॅपटॉपचा बिघडलेला पंखा काढून तिथे नवा बसवायचा, एवढंच वरवर पाहता काम. सवयीचा कारागीर ते पटकन उरकतो. आपण त्याला एक अख्खी दुपार देणार आहोत, कारण या कामात एक गोष्ट शिकण्यासारखी आहे आणि ती घाईत हाती लागत नाही.

म्हैसूरमध्ये असाल तर मार्चमधली एखादी दुपार निवडा. बाहेर ऊन तापलेलं असतं, पण शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचावर असल्यामुळे सावलीत बसणं सुसह्य होतं. खिडकीजवळचं लाकडी टेबल घ्या, त्यावर धुतलेलं सुती कापड अंथरा. जवळ ठेवायच्या वस्तू थोड्या आहेत: बारीक टोकाचे दोन-तीन स्क्रू ड्रायव्हर, चिमटा, मऊ ब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली, थर्मल पेस्टची ट्यूब, एक कोरा कागद आणि पेन्सिल. नवा पंखा आणण्याआधी एकदा झाकण उघडून जुन्या पंख्यावरच्या लेबलचा नंबर उतरवून घ्या. दिसायला सारखे असलेले दोन पंखे स्क्रूच्या भोकांत किंवा कनेक्टरमध्ये वेगळे निघतात, आणि दोन पंख्यांच्या मशीनमध्ये डावा-उजवाही वेगळा असतो. गावात मिळाला नाही तर बंगळूरच्या एस. पी. रस्त्यावर, पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर तो नंबर सांगितला की पुरतं.

हात चालवायचे नसतील, तरी हरकत नाही. पुढचा प्रत्येक टप्पा डोळ्यांसमोर आणा आणि जिथे थांबायला सांगितलंय तिथे खरोखर थांबा.

ऐकणं

आधी काहीच उघडू नका. लॅपटॉप सुरू करा, त्याला एखादं जड काम द्या आणि हात मांडीवर ठेवून ऐकत राहा.

थोड्या वेळाने पंखा जागा होईल. निरोगी पंख्याच्या आवाजात फक्त हवा असते. तो हळूहळू चढतो, एका सुरावर स्थिरावतो, काम संपलं की उतरतो. तो सूर कानाला टोचू नये म्हणून पंखे घडवणारे बारीक विचार करतात. काही पंख्यांची पाती मुद्दाम असमान अंतरावर बसवलेली असतात. २०१२ साली आलेल्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये असा पंखा होता. पाती सारख्या अंतरावर असली की एकच तीव्र सूर उमटतो, अंतर बदललं की तो अनेक सुरांत विखुरतो.

बिघडलेल्या पंख्यात हवेच्या आवाजाखाली आणखी काहीतरी ऐकू येतं. खरखर. मध्येच घरघर. सुरू होताना अडखळणं. आत एक बारीक दांडी असते आणि ती एका नळीत फिरते. दांडी आणि नळी यांच्यामध्ये तेलाचा पातळ पदर असतो. पंखा मिनिटाला साडेचार हजार फेरे घेत असेल आणि लॅपटॉप दिवसाला आठ तास चालत असेल, तर एका दिवसात वीस लाखांहून जास्त फेरे होतात. हे सगळे फेरे त्या तेलाच्या पदरावर. वर्षं जातात, उष्णतेने तेल सुकतं, धूळ आत शिरते आणि एक दिवस धातू धातूला लागतो.

या आवाजापाशी थोडा वेळ बसा.

पंखा एकही बेरीज करत नाही, एकही अक्षर लिहीत नाही. बाकीच्यांच्या कामातून जे उरतं ते वाहून नेणं, एवढंच त्याचं काम. आणि जी उष्णता तो वाहतो, तीच त्याला झिजवते. तो नीट चालत असताना आपण त्याच्या आवाजाला शांतता म्हणत आलो. तो दुखायला लागला तेव्हा कुठे आपलं लक्ष गेलं.

हे मनात नुसतं ठेवा. त्याचं काय करायचं ते शेवटी बघू.

उष्णतेचा माग

आता तळहात कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर ठेवा. ऊब लागेल. ही ऊब आली कुठून, त्याचा माग काढू.

भिंतीतल्या विजेपासून सुरुवात करू. म्हैसूर संस्थानात विजेची कथा कावेरीच्या पाण्यापासून सुरू होते. १९०२ साली शिवनसमुद्रच्या धबधब्यावर वीजकेंद्र सुरू झालं आणि तिथली वीज सुमारे १४७ किलोमीटर लांबीच्या तारांवरून सर्वांत आधी कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली. बंगळूर आणि म्हैसूरच्या दिव्यांची पाळी त्यानंतर आली. त्या खाणी पुढे खोल खोल जात राहिल्या. त्यांतली चॅम्पियन रीफ ही खाण तीन किलोमीटरच्याही खाली पोचली. तिथला खडक साठ अंशांहून अधिक तापलेला. अशा ठिकाणी माणसाने काम करायचं तर वरून गार हवा सतत खाली पोचवावी लागते आणि आतली तापलेली हवा बाहेर काढावी लागते. सोनं किती निघालं, त्याचे आकडे पुस्तकांत सापडतात. पण हवा खाली गेली म्हणूनच ते सोनं वर येऊ शकलं. २००१ मध्ये खाणी बंद झाल्या, तोवर हा नियम एक दिवसही बदलला नाही.

तुमच्या तळहाताखालीही तोच नियम चालू आहे. नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यात कोट्यवधी ट्रान्झिस्टर सेकंदाला अब्जावधी वेळा उघडझाप करतात आणि प्रत्येक उघडझाप किंचित उष्णता मागे ठेवते. साध्या लॅपटॉपचा प्रोसेसर पंधरा वॅट खातो, दांडगा असेल तर पंचेचाळीस किंवा त्याहून जास्त. या विजेतून पत्रं लिहिली जातात, हिशेब होतात, परदेशातल्या लेकीचा चेहरा पडद्यावर येतो, पण शेवटी जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊनच बाहेर पडते. १९४६ सालच्या एनियॅक या संगणकात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि तो दीडशे किलोवॅटच्या आसपास वीज घ्यायचा. त्यालाही नळ्यांची उष्णता बाहेर काढायला मोठे पंखे लावावे लागले होते. यंत्रं लहान झाली, हा हिशेब तसाच राहिला.

याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे. १९६१ साली रॉल्फ लँडॉअर या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की माहितीचा एक कण पुसायचा म्हटला, तरी काही किमान उष्णता बाहेर पडतेच. यंत्र कितीही कुशलतेने बनवा, ती टाळता येत नाही. २०१२ मध्ये प्रयोगातूनही हे दिसलं. ही उष्णता कल्पनेपलीकडे सूक्ष्म आहे, तुमच्या हाताला लागणाऱ्या उबेत तिचा वाटा नगण्य. तरी हे जाणून घेणं मोलाचं आहे. नवं लिहायला खर्च येतो हे आपण मानतो. जुनं पुसून पाटी कोरी करायलाही खर्च येतो.

इथे थांबा. तळहात तसाच राहू द्या. उष्णता नाहीशी करता येत नाही. ती फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येते. पंखा उष्णता संपवत नाही, तिला बाहेर जायला वाट करून देतो. आजच्या दुपारी हातात धरून ठेवायचं वाक्य हेच: उष्णतेला वाट हवी.

उघडणं

लॅपटॉप पूर्ण बंद करा. चार्जरची वायर काढा. मशीन निवेपर्यंत थांबा, तोवर हात धुऊन कोरडे करा आणि खिडकीच्या लोखंडी गजाला किंवा नळाला एकदा स्पर्श करा, म्हणजे अंगावरचा स्थिर विद्युतभार निघून जाईल. मशीन कापडावर पालथं ठेवा.

कागदावर लॅपटॉपच्या पाठीचा आयत काढा. जो स्क्रू निघेल तो कागदावर त्याच्याच जागी ठेवा. हे स्क्रू लांबीला वेगवेगळे असतात. आखूड जागी लांब स्क्रू फिरवला तर तो आतल्या पट्टीला भोक पाडू शकतो. काही स्क्रू रबरी पायांखाली दडलेले असतात. सगळे निघाल्याची खात्री होईपर्यंत झाकणावर जोर करू नका. मग प्लॅस्टिकचं पातळ कार्ड फटीत सरकवा आणि कडेकडेने फिरवा. एकेक खटका सुटल्याचा आवाज येईल. झाकण एखाद्या कोपऱ्यात अडलं, तर ओढू नका. तिथे एखादा स्क्रू राहिलाय.

झाकण उघडलं की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. वायरला न ओढता कनेक्टरच्या कडांना धरून. मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, उरलासुरला भार निघून जाईल. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र इथेच थांबा आणि मशीन जाणत्या कारागिराकडे द्या. फुगलेल्या बॅटरीला घरी हात लावायचा नसतो.

अनेकांना या टप्प्यावर भीती वाटते. बंद यंत्र उघडणं म्हणजे आगळीक, असं आपल्याला कळत नकळत शिकवलं गेलंय. १८८८ साली आजच्या कर्नाटकातल्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उद्योग सायकलींच्या दुकानापासून सुरू झाला, तेव्हा सायकलही परक्या देशातून आलेली नवलाई होती. पुढे त्या हातांनी लोखंडी नांगर घडवले. १९४१ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर संस्थानातल्या हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर हा कारखाना उभा राहिला आणि तिथे यंत्रं घडवणारी यंत्रं तयार होऊ लागली. परक्या यंत्राचं भय ते उघडून पाहिल्यावरच जातं. त्याच्या आतही स्क्रू आणि वायरीच असतात आणि त्या कुणा माणसानेच जोडलेल्या असतात.

उघडण्याबद्दल मराठी मनाला एक जुनी गोष्ट ठाऊक आहे. परंपरा सांगते की लोकांच्या छळाने व्यथित होऊन ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले आणि धाकट्या मुक्ताईने बाहेरून आर्जव केलं. तिचे ते अभंग ताटीचे अभंग म्हणून ओळखले जातात. मुक्ताईने आतला ताप नाकारला नाही. लोक चांगले आहेत असंही ती म्हणाली नाही. ताप आत कोंडून ठेवू नका, एवढंच तिचं मागणं होतं. ताटी उघडली आणि पुढे ज्ञानेश्वरांनी जे रचलं त्यावर मराठी भाषा सातशे वर्षांहून अधिक काळ उभी आहे.

झाकण बाजूला ठेवा. तीन श्वास सावकाश घ्या. आतलं नुसतं पाहा.

धूळ

आधी पंखा नजरेस पडेल: गोल, चपटा, काळ्या पात्यांचा. तो खालून हवा आत ओढतो आणि बाजूने बाहेर फेकतो. त्याच्या तोंडाशी तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची दाट जाळी असते. हवा या पत्र्यांमधून जाते आणि उष्णता सोबत घेऊन बाहेर पडते.

पंखा आणि जाळी यांच्यामध्ये नमद्यासारखा धुळीचा थर साचलेला असेल. चिमट्याने तो सावकाश उचला. बऱ्याचदा तो अख्खाच्या अख्खा निघतो. लगेच केराच्या टोपलीत टाकू नका. कागदावर ठेवा.

हा थर तुमच्याच घराचा आहे. चादरींचे सुती तंतू, केस, त्वचेचे बारीक कण, खिडकीतून आलेले परागकण. आणि म्हैसूरच्या घरात हमखास असणारी अगरबत्तीची काजळी. इथल्या अगरबत्तीला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. इथल्या कितीतरी घरांतल्या बायकांनी दिवसभर बसून ती वळली आहे. देवापुढच्या त्या धुराचा एक अंश फिरत फिरत इथे येऊन बसला. घरातल्या जगण्याचेच हे अवशेष. यातलं काहीही वाईट नव्हतं. एकेक कण आला तेव्हा त्याने काही बिघडवलं नाही. सगळे मिळून मात्र त्यांनी वाट बुजवली.

इथे मनाकडे वळा. आपल्या आत काय साचलंय, ते पाहायला मोठं दुःख शोधत बसू नका. लहान गोष्टी आठवा. न दिलेलं उत्तर. ऐकून घेतलेला टोमणा. उद्यावर ढकललेला फोन. झोपेतून चोरलेला तास. एकटी कुठलीच गोष्ट जड नव्हती. त्यांचा थर कुठे बसलाय, ते फक्त ओळखा. तो खरवडून काढायची आत्ता घाई नको.

मग ब्रशने जाळी साफ करा. हवेचा फवारा मारणार असाल तर पाती बोटाने धरून ठेवा. मोकळी पाती फवाऱ्याने नको तितक्या वेगात फिरतात आणि दांडीला इजा होते.

नळी

पंख्यापासून निघून प्रोसेसरकडे जाणारी तांब्याची चपटी नळी दिसेल. तिला हात न लावता नजरेने तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा.

ही नळी भरीव वाटते, पण आतून पोकळ आहे. तिच्यातली हवा काढून आत थोडंसं पाणी भरून ती बंद केलेली असते. आतल्या भिंतींना तांब्याच्या भुकटीचा किंवा जाळीचा थर असतो. हवेचा दाब नसल्यामुळे हे पाणी कमी तापमानाला उकळतं. प्रोसेसरच्या टोकाला त्याची वाफ होते, वाफ उष्णता घेऊन पंख्याच्या टोकाकडे धावते, तिथे थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि भिंतीच्या थरातून झिरपत परत येते. पंप नाही, मोटार नाही, झीज होईल असं काही नाही. जनरल मोटर्समधल्या रिचर्ड गॉगलर यांना या कल्पनेचं पेटंट १९४४ मध्ये मिळालं होतं, पण ती बाजूला पडली. १९६३ मध्ये लॉस अलामॉसच्या जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे पुन्हा मांडली. पुढे ती उपग्रहांत गेली आणि आता आपल्या मांडीवर आली आहे.

नळी उष्णता साठवत नाही, म्हणून ती टिकते. घेतलेलं ती दुसऱ्या टोकाला देऊन टाकते आणि रिकामी होऊन परतते. पण दुसरं टोक मोकळं नसेल, तिथली हवा हलत नसेल, तर आतली वाफ पाणी होऊ शकत नाही आणि सगळं चक्र थांबतं. मग प्रोसेसर तापत जातो, शंभर अंशांच्या जवळ आला की आपोआप हळू चालू लागतो, आणि तरीही तापला तर स्वतःला बंद करून घेतो. संथ झालेला लॅपटॉप आळशी नसतो. तो स्वतःला जपत असतो.

जुन्या म्हैसूरच्या घरांत मधोमध उघडा चौक असतो, त्याला इथे तोट्टी म्हणतात. आपल्या वाड्यातला चौकही तसाच. चारी बाजूंच्या खोल्यांतली तापलेली हवा तिथून वर निघून जाते. चौकावर छप्पर घातलं तर सगळ्या खोल्या एकदम कोंदट होतात. लॅपटॉपच्या पोटाखालची फट म्हणजे त्याचा चौक आहे. गादीवर किंवा उशीवर ठेवून काम केलं की आपण त्यावर छप्पर घालतो. आजपासून त्याला कठीण, सपाट जागा द्या.

बदलणं

पंख्याच्या कनेक्टरकडे पाहा. बहुधा त्याला चार तारा असतात. दोन विजेच्या. एकीतून मशीन पंख्याला वेग सांगतं. आणि एकीतून पंखा परत कळवतो की आपण किती फेरे घेतोय. मशीन हुकूम देतं तसं ऐकतंही. म्हणूनच पंखा थांबला तर काही मशीन सुरू होतानाच सूचना देतात.

कनेक्टर सोडवा. पंख्याचे दोन-चार स्क्रू काढा आणि कागदावर त्यांच्या जागी ठेवा. काही मशीनमध्ये पंखा एकटाच निघतो. मग तांब्याच्या नळीला धक्का लावायची गरज नाही. काहींत पंखा आणि नळी एकत्र जोडलेले असतात. तसं असेल तर प्रोसेसरवरचे स्क्रू थोडे थोडे, आलटून पालटून सैल करा. त्यांच्याशेजारी क्रमांक छापलेले असतील तर तेच पाळा.

नळीचं बूड उचललं की प्रोसेसरवर सुकलेली राखाडी पेस्ट दिसेल. कापडाच्या तुकड्यावर थोडं अल्कोहोल घ्या आणि ती अलगद पुसा. सिलिकॉनचा पृष्ठभाग आरशासारखा चमकू लागेल. तरी तो खरोखर सपाट नसतो. त्यात आणि तांब्याच्या बुडात डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचा असतात आणि त्यांत हवा अडकते. तांब्यातून उष्णता हवेपेक्षा सुमारे पंधरा हजार पट सहज वाहते, त्यामुळे एवढीशी हवाही मोठा अडथळा ठरते. पेस्ट त्या खाचा भरते. लहान प्रोसेसरला तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. दोन पृष्ठभाग एकमेकांना जितके जवळून भेटतील तितकं चांगलं. पेस्टचा जाड थर दिला तर पेस्टच आड येते.

नवा पंखा हातात घ्या. बोटाने पाती एकदा फिरवा. ती विनाआवाज फिरून थांबतील. त्याला त्याच्या जागी बसवा, स्क्रू हाताने धरून पहिले दोन वेढे घाला, मग स्क्रू ड्रायव्हर लावा. प्रोसेसरवरचे स्क्रू कोपऱ्याच्या समोरचा कोपरा असे, थोडे थोडे आवळा, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडेल. घट्ट झाल्यावर आणखी एक पीळ देण्याचा मोह होतो. तो आवरा.

या पाच-दहा मिनिटांत मन दुसरीकडे गेलं नसेल. बारीक काम हाताला लागलं की लक्ष आपोआप एका जागी येतं, त्याला ओढून आणावं लागत नाही. ही एकाग्रता ओळखून ठेवा. ती तुमच्यात आहेच.

पंख्याचा कनेक्टर जोडा. वायर पात्यांना लागत नाही ना, पाहा. बॅटरीचा कनेक्टर जोडा. झाकण लावा, कागदावरचा एकेक स्क्रू आपल्या जागी परत पाठवा. शेवटी कागद रिकामा असायला हवा.

सुरू करणं

बटण दाबा. पंखा एकदा जोरात फिरेल, मग मंद होईल. मागच्या जाळीजवळ हात धरा. गरम हवा हाताला लागेल.

म्हैसूरच्या उंचीवर हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे सात टक्के विरळ असते. तेवढीच उष्णता न्यायला इथल्या पंख्याला मुंबईतल्या पंख्यापेक्षा थोडं जास्त फिरावं लागतं. त्याबद्दल तो काही बोलत नाही. आपल्याला ठाऊक असलेलं बरं.

आता सुरुवातीला बाजूला ठेवलेल्या विचाराकडे या.

आपल्या घरात, कचेरीत, वस्तीत उष्णता वाहून नेणारी माणसं असतात. दिवसभराचा वैताग घेऊन आपण दार उघडतो आणि ज्या व्यक्तीसमोर तो ओततो, ती. दोन भावांच्या भांडणात दोघांचं ऐकून घेणारी बहीण. रुग्णालयात नातेवाइकांचा राग सोसणारी परिचारिका. सगळ्यांची तक्रार ज्याच्या टेबलावर येऊन निवते, तो कारकून. कामाच्या यादीत त्यांच्या या कामाचा उल्लेख नसतो. ते नीट चाललेलं असताना आपण त्याला घरातली शांतता म्हणतो. आणि जे ते वाहतात त्यानेच ते झिजतात.

अशी एक व्यक्ती डोळ्यांसमोर आणा. नाव मनात घ्या. तिच्या बोलण्यात हल्ली थोडी खरखर ऐकू आली आहे का? ती अडखळते आहे का, पूर्वीपेक्षा लवकर थकते आहे का? आवाज बदलला की कारण असतं. तिची उष्णता कुठे जाते? तिला कोणती खिडकी आहे? आणि तुम्ही तिच्यासाठी काय मोकळं करू शकता: एक संध्याकाळ, एक जबाबदारी, की काही न सुचवता ऐकून घेण्याचा अर्धा तास?

तो अर्धा तास देताना नळीची रीत आठवा. ऐकलेलं साठवू नका, चार दिवसांनी परत काढू नका. घ्या, पुढे जाऊ द्या, रिकामे होऊन या.

आणि कदाचित ती व्यक्ती तुम्हीच असाल. मग हे ऐका: झिजणं हा तुमचा दोष नाही. वीस लाख फेऱ्यांच्या दिवसांनंतर तेल सुकणारच. तुमच्याही पोटाखाली मोकळी फट हवी आणि ती मागणं हा कमकुवतपणा नाही. संथ झालात, तर स्वतःला जपताय.

जुना पंखा

टेबलावर जुना पंखा उरलाय. तो ओल्या कचऱ्यात टाकू नका. २०२२ साली जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातल्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी कचऱ्यावर रीतसर पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. लॅपटॉपमुळे पृथ्वीवर जो भार पडतो त्याचा मोठा वाटा तो बनतानाच पडलेला असतो. म्हणून एक पंखा बदलून मशीन चार वर्षं अधिक चाललं, तर ती लहान बचत नाही. त्याच २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. वस्तू विकत घेणाऱ्याला ती उघडता यावी, तिचे सुटे भाग मिळावेत, दुरुस्तीची माहिती मिळावी, हे मागणं रास्त आहे आणि आपण ते मोठ्याने करत राहिलं पाहिजे. जुना पंखा ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी म्हैसूरच्या राजवाड्यात आयुधपूजा होते. शहरभर रिक्षा, बस, शिलाई मशीन, सुताराचा रंधा आणि आता संगणकही हार घालून पुजले जातात. आपली खंडेनवमी तीच. या वर्षी लॅपटॉपला हळद-कुंकू लावण्याआधी त्याच्या जाळीतली धूळ काढा, पंख्याचा आवाज एकदा नीट ऐका. घरातल्या लहान मुलाला शेजारी बसवा, स्क्रू त्याच्या हातात द्या आणि उष्णता कुठून येते, कुठे जाते ते त्याला दाखवा. मग पूजा करा. आणि त्याच दिवशी, ज्या माणसाचं नाव तुम्ही आज मनात घेतलंत त्याच्याकडे जा, आणि या वर्षी त्याच्या वाट्याचं कोणतं काम तुम्ही उचलणार, ते त्याला सांगून या.